मशीनची खुर्ची

नेटवर्क बंद पडल्याची तक्रार आल्यावर अमरावतीहून आलेल्या इंजिनिअर वर्षालीने अकोल्याच्या बियाणे कंपनीतल्या सर्व्हर रूमचं दार उघडलं आणि ती तिथंच थांबली. कंपनीचा सगळा डेटा ज्या स्विचमधून ये-जा करतो, त्याच्यासमोर वाळ्याचा कूलर घरघरत होता आणि शेजारी खुर्ची टाकून शिपाई देवमनकाका खुशाल बसले होते.

"कूलर कोणी लावला, काका?"

"मीच. एसी बंद पडला परवा. बाहेर पंचेचाळीस हाय, मशीन तापून राहिली होती. मले पाहवलं नाही."

"अन् प्लग कुठून मिळाला?"

"मशीनले दोन वायरी होत्या. एक काढली. एकीवर चालूनच तर राहिली."

वर्षालीने कपाळाला हात लावला. एका लाइनची वीज गेली तर दुसरी असावी, म्हणून त्या दोन वायरी होत्या. शिवाय डेटा उजेडाच्या रूपात पाठवणाऱ्या फायबरच्या एका मॉड्यूलच्या तोंडाशी वाळ्याची काडी अडकली होती, त्यामुळे उजेड पलीकडे पोचतच नव्हता. तिने काडी काढली, मॉड्यूल पुसलं, कूलरचा प्लग काढून मशीनची वायर परत लावली, एसीवाल्याला बोलावलं आणि काकांपुढे मॅन्युअल धरलं.

"वाचा. हवा कोरडी पाहिजे, तापमान चाळीसच्या आत."

काकांनी पान निरखून पाहिलं. "मशीनचं तरी लिवून ठेवलं. शिपायाचं कोन्त्या पानावर हाय?"

संध्याकाळी एसी सुरू झाल्यावर वर्षालीने दारावर नियमांचा कागद चिकटवला आणि खाली पेनाने एक ओळ वाढवली: 'तापमानावर लक्ष ठेवण्यासाठी एक माणूस दिवसभर आत आवश्यक, खुर्चीसह.'