दुपारी वाजलेली चोरघंटा

नारायण पेठेतल्या त्या इमारतीत सगळी दुकानं आणि ऑफिसंच होती. वरच्या मजल्यावर रुपाली वाघमारे अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. स्पर्धा परीक्षेची जाडजूड पुस्तकं तिने आणि तिच्या मैत्रिणींनी घसा बसेपर्यंत वाचली होती. सगळी रेकॉर्डिंग एका कॉम्प्युटरमध्ये होती आणि दुसरी प्रत शेजारच्या कपाटात.

खालच्या मजल्यावर एका वकिलांचं ऑफिस चोरांनी फोडलं, तेव्हा जिन्यात आणि पॅसेजमध्ये सगळ्यांची मिळून, हालचाल झाली की वाजणारी चोरघंटा बसवायचा विषय रुपालीनेच काढला. सगळ्यांना पटवण्यात तिचा अख्खा पावसाळा गेला. तळमजल्यावरचे छपाईवाले केदार फाटक म्हणाले, "बसवा. पण वाजली तर धावायचं कोणी, ते आधी ठरवा." सगळे हसले. ठरलं मात्र काहीच नाही.

घंटा बसली आणि पारव्यांमुळे वाजू लागली, मांजरामुळे वाजू लागली. समोरच्या रहिवाशांनी इमारतीच्या गेटवर पाटी लावली: 'आपली घंटा आपल्या घरी वाजवावी. दुपारी येथे माणसे झोपतात.' रुपालीने तंत्रज्ञाला पुन्हा पुन्हा बोलावून ती नीट करून घेतली. पारवे आले तरी ती वाजेनाशी झाली, पण तोवर घंटेवरचा लोकांचा विश्वास उडाला होता.

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत इमारत बंद होती. रुपाली धायरीला आजारी आईकडे गेली होती. मोबाइलवर घंटेचा इशारा आला, तसा तिने जवळच राहणाऱ्या फाटकांना फोन लावला.

"अहो, पारवा असेल. चारला उघडतोच आहे मी."

"काका, एकदा बघून या ना!"

"जेवतोय हो."

ती स्कूटर काढून निघाली. सिंहगड रोड तुंबला होता.

ती पोहोचली तेव्हा घंटा वाजतच होती. बाहेरच्या पायरीवर तिचा विद्यार्थी योगेश बसला होता. कोपर सोललेलं, पांढरी काठी मोडलेली. रेकॉर्डिंग ऐकायला तो नेहमीच लवकर येऊन थांबायचा.

"ताई, दोघं होते. बाहेर पडताना एकजण म्हणला, 'सरक की जरा.' मी त्याचा शर्ट धरला. लई ओरडलो. खिडक्यांचा आवाज आला, मला वाटलं लोक येतायत."

रुपालीने समोर पाहिलं. सगळ्या खिडक्या लावलेल्या होत्या. तिने त्याला ते सांगितलं नाही.

वर कॉम्प्युटर नव्हता. कपाटही रिकामं होतं.

हवालदारांनी योगेशला विचारलं, "दिसायला कसे होते?" मग स्वतःच ओशाळले.

"आवाज सांगू का, साहेब?"

"सांग," ते म्हणाले. पण आवाज कसा लिहायचा ते त्यांनाही कळेना.

रविवारी इमारतीची सभा झाली. चोर सापडला नव्हता. समोरच्यांची तक्रार मात्र आली होती. घंटा काढून टाकायचं एकमताने ठरलं. एकमताने, कारण रुपालीने हात वर केला नाही आणि विरोधही केला नाही.

योगेश बार्शीकडचा. ती त्याला स्वारगेटला सोडायला गेली.

"मी परत वाचते रे. पहिल्या पानापासून."

"परीक्षा तोंडावर आलीय, ताई. आणि वयाच्या अटीत माझी ही शेवटचीच होती."

"मग घरी जाऊन काय करशील?"

"बघू," तो म्हणाला.

एसटी निघाली. तो खिडकीशी, पण तोंड भलतीकडे करून बसला होता. रुपालीने हात हलवला. मग खाली घेतला.