आकड्याबाबत खुलासा

विषय : सोसायटीच्या गच्चीवरील तार काढून टाकण्याबाबत.
संदर्भ : जिन्याखालच्या फलकावरील नोटीस.

उपरोक्त विषयातली तार मीच बोलतेय. मी नेमकी कोण, हे मलाही धड सांगता येत नाही. पण नोटिशीत लिहिलंय ती मी नाही, एवढं नक्की.

माझं तरुणपण टेबलफॅनच्या मोटरीत गेलं. मोटर जळाली आणि मोहन्यात राहणाऱ्या चांगदेवकाकांनी मला वेटोळ्यातून सोडवलं. काका वागळे इस्टेटमध्ये बत्तीस वर्षं वीज कंपनीचे वायरमन होते. निवृत्त माणसं बागेत जातात, हे गच्चीवर गेले. मला दोन खांबांना ताणलं, मेलेल्या रेडिओतले डायोड खाली जोडले, आणि घरातल्या घड्याळाचा सेल काढून तिथे माझं टोक लावलं.

हवेत म्हणे रेडिओच्या लहरी असतात. त्या पुढेमागे हेलकावतात. डायोड त्यांना एकाच बाजूला सोडतो आणि चिमूटभर वीज साठते. माझ्यातून बातम्या जातात, बाजारभाव जातात, भजनंही जातात. मला अक्षर ऐकू येत नाही, घड्याळ मात्र चालतं. यात माझं काम कोणतं, हे फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या मंजुळाबाईंना कळलं. त्यांनी माझ्यावर टॉवेल वाळत घातले.

एका सकाळी काका गच्चीवरून मुलीला ओरडले, "दर्शना, मीटर बघ! आकडा किती?"

"एक पॉइंट सहा व्होल्ट, पप्पा!"

"बघ, फुकटात काय आकडा आलाय!"

जिन्यात सेक्रेटरी परशुराम थबकले. आमच्याकडे आकडा म्हणजे चालू लाइनवर टाकलेली चोरीची वायर.

"काका, तुम्हीपण?"

"अरे, हवेतली वीज आहे ही!"

"हवेतली? मग वायर कशाला लागते?"

या प्रश्नाने मीसुद्धा गोंधळले. दुसऱ्या दिवशी फलकावर, फ्लॅट नंबरासकट, नोटीस लागली : आकडा टाकून वीजचोरी, तार सात दिवसांत काढावी.

काकांनी नोकरीत लोकांचे आकडे उतरवले होते. ते दोन दिवस जेवले नाहीत.

"पप्पा, काढून टाका ना ती. घड्याळाला सेल मी आणते," दर्शना म्हणाली.

"आता काढली तर चोरीच होती म्हणतील."

ही चोरी नाही, असा दाखला मागायला काका वीज कार्यालयात गेले. टेबलामागच्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"ग्राहक क्रमांक?"

"या तारेला कनेक्शनच नाही, मॅडम."

"मग चोरी कुणाची झाली?"

"कुणाचीच नाही."

"काका, जी चोरी झालीच नाही, तिचा अर्ज मी कुठल्या फायलीत लावू?"

तरी त्यांनी शिक्का मारून पोच दिली. पोच पाहून परशुराम म्हणाले, "उत्तर येईपर्यंत तार राहू दे. नोटीसपण राहील."

त्याला सात महिने झाले. मी गच्चीवर आहे, नोटीस फलकावर आहे. काका जिना चढताना मान वर करत नाहीत. अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही.