शिफारस

काचेच्या पेटीतल्या रोबोच्या हाताने लाकडी ठोकळा उचलला, अर्ध्यापर्यंत नेला आणि तो तसाच हवेत थांबला. मॅडमनी लाल बटण दाबलं होतं.

"अहो मॅडम, चाललं होतं की छान! बंद का केलंत?" पेटीजवळ उभी असलेली विद्यार्थिनी म्हणाली.

"हा प्रोग्रॅम मी दिलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "पुस्तिकेत बेचाळीस ओळी आहेत. तू किती लिहिल्यास?"

"अकरा."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. वर्गात त्या मुलीला सगळे वकील म्हणत. हजेरी दर वेळी पहिल्या नंबरापासूनच का, शेवटून का नाही, यावरही ती एकदा पंधरा मिनिटं भांडली होती.

"प्रत्येक ठोकळ्याला त्याच त्या ओळी कशाला, मॅडम? एकदा नीट सांगितलं की त्याला कळतं. तो काय आमच्या वर्गासारखा आहे?"

आता सगळा वर्ग हसला. मॅडमनी बटण फिरवून सोडलं. हाताने उरलेले ठोकळे एका ट्रेमधून दुसऱ्या ट्रेमध्ये नेले. कुठे अडखळला नाही, कुठे आपटला नाही. मॅडम पडद्यावरच्या त्या अकरा ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिल्या. सहा वर्षं त्या हेच यंत्र शिकवत होत्या आणि हे त्यांना कधी सुचलं नव्हतं. सुचायची गरजच पडली नव्हती. परीक्षेत बेचाळीस ओळींना पूर्ण गुण मिळत.

दुपारी संस्थेच्या संचालकांनी त्यांना बोलावून घेतलं.

"सोमवारपासून नवी बॅच. शिकवायला आणखी एक माणूस तयार ठेवायचा म्हणतोय. तुमची ती वाद घालणारी कशी आहे?"

"हुशार आहे."

"मग शिफारस लिहून टाका. आपल्याच हाताखाली तयार झालेली, वेगळं काही शिकवायला नको. शिवाय नोकरी लागलेल्यांच्या यादीत एक नाव वाढतं." ते हसले. "तुमच्यापासूनच तर ही पद्धत सुरू झाली."

मॅडमही थोडं हसल्या. त्या पहिल्या बॅचमध्ये पहिल्या आल्या होत्या. संस्थेच्या माहितीपत्रकावर अजून त्यांचाच फोटो होता, केस लांब असतानाचा. त्यांच्यानंतरच्या एकीला प्रवेशाच्या खिडकीवर बसवलं होतं. एक जण शाळाशाळांतून फिरून या कोर्सची माहिती सांगत होता. बाकीची मुलं प्रमाणपत्रं घेऊन घरी गेली होती आणि त्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नव्हतं.

"आणि हो," संचालक म्हणाले, "तुम्हाला त्या कारखान्याचं बोलावणं आलंय, ते आहे माझ्या लक्षात. तुमच्या जागी माणूस उभा राहिला की एका दिवसात मोकळं करतो. शब्द देतो."

बोलावणं आलं होतं ते खरं. गेल्या महिन्यात मॅडम तिकडे मुलाखतीला जाऊन आल्या होत्या. तिथे एका रांगेत चौदा हात काम करत होते आणि त्यांच्याभोवती एकही काच नव्हती, फक्त जमिनीवर पिवळा पट्टा. तिथल्या इंजिनिअरने एकच प्रश्न विचारला.

"हात चुकला तर काय करता?"

"लाल बटण दाबते."

"आणि मग?"

"मग पहिल्यापासून सुरू."

"इथे पहिल्यापासून नसतं हो," इंजिनिअर म्हणाला. पण माणूस भला होता. शिकाऊ म्हणून घेतो म्हणाला, दहा वर्षांनी लहान पोरांच्या बरोबरीने. महिनाअखेरीपर्यंत इथून सुटल्याचं पत्र आणा, एवढीच अट. मॅडम चालेल म्हणाल्या होत्या. घरी येऊन त्या इतकं भरभर बोलल्या होत्या की वडिलांनी त्यांना आधी पाणी प्यायला सांगितलं होतं.

शुक्रवारी प्रात्यक्षिक परीक्षा झाली. वकीलबाईंनी परीक्षेतही अकराच ओळी लिहिल्या. सगळे गेल्यावर ती मागे रेंगाळली. मॅडम फडक्याने पेटीची काच पुसत होत्या. बोटांचे ठसे बाहेरूनच असत, आत कोण हात घालतो!

"मॅडम, सर म्हणाले एक जागा आहे. तुम्ही लिहून दिलंत की झालं." तिला गप्प उभं राहवत नव्हतं. "आईने तर शेजारीपाजारी सांगूनही टाकलंय. तिला कोण थांबवणार! आणि हे नाही जमलं तर मामाच्या औषधांच्या दुकानात बसायचं, असं घरी ठरलंय. दिवसभर खोकल्याच्या बाटल्या द्यायच्या."

"किती दिवस करशील इथे?"

"एकच वर्ष," ती लगेच म्हणाली. "मग खऱ्या कारखान्यात."

मॅडमचं फडकं थांबलं. आवाज वेगळा होता, पण शब्द त्यांचेच होते. याच खोलीत, याच पेटीपाशी उभं राहून त्यांनी ते उच्चारले होते, आणि अगदी इतक्याच खात्रीने.

"जा घरी," त्या म्हणाल्या. "आई वाट बघत असेल."

ती गेल्यावर मॅडमनी शिफारशीचा कागद पुढे ओढला. बराच वेळ पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं. मग एका दमात लिहिलं, 'पुस्तिकेप्रमाणे काम करत नाही. शिकवण्यास योग्य नाही.' सही केली आणि कागद स्वतः नेऊन दिला.

संचालकांनी तो वाचून चष्मा काढला. "अहो, परवा तर हुशार म्हणालात!"

"हुशार आहेच. वर्ग सांभाळायच्या कामाची नाही."

"दुसरं कुणी?"

"या बॅचमध्ये नाही."

"मग तुमचं कसं? मला तुम्हाला सोडता येणार नाही, मॅडम."

"माहीत आहे."

शनिवारी सकाळी प्रमाणपत्रं वाटली. तासाभरात वकील संचालकांना भेटून वर्गात आली. हातात प्रमाणपत्राची गुंडाळी होती आणि ती तिने इतकी आवळली होती की मधे चपटी झाली होती.

"पहिला वर्ग दिलात आणि योग्य नाही असं लिहिलंत. दोन्ही कसं खरं असेल?"

मॅडमनी ट्रेमधले ठोकळे सरळ रांगेत लावले.

"माझं काय चुकलं ते तरी सांगा. काम बरोबर झालं ना? एक तरी ठोकळा पडला?"

"नाही पडला."

"मग?" तिचा आवाज चिरकला. वाद घालताना तो कधी चिरकत नसे. "तुम्हाला भीती वाटली ना, मॅडम? उद्या मी तुमच्यापेक्षा चांगलं शिकवलं असतं म्हणून?"

मॅडमना तिला सगळं सांगता आलं असतं. पण सांगितलं असतं तर ती वाद घालत बसली असती. आपण तुमच्यासारख्या अडकणार नाही, हे तिने पटवून दिलं असतं, आणि मॅडमना ते पटलंही असतं.

"हो," मॅडम म्हणाल्या. "भीती वाटली."

अशा उत्तराची तयारी मुलीने केलेली नव्हती. मग ती वळली आणि दार उघडं टाकून निघून गेली.

मॅडमनी उठून दार लावलं. खुर्चीत बसून त्यांनी कारखान्यातल्या इंजिनिअरला फोन लावला.

"पत्र मिळालं का?" त्याने विचारलं.

"माझं नाही मिळणार. पण माझी एक विद्यार्थिनी आहे. तिला घ्याल का?"

"अनुभव?"

"काहीच नाही. तुम्ही तिला फक्त दहा मिनिटं यंत्रासमोर उभं करा. ती तुमच्याशी वाद घालेल. घालू द्या."

पलीकडे तो हसला. "हमी नाही देत, पण बघतो. नाव सांगा."

मॅडमनी नाव सांगितलं. त्याला नीट ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, घरचा पत्ता सांगितला. "मी सांगितलंय हे मात्र तिला कळू देऊ नका," त्या म्हणाल्या. "माझं नाव ऐकलं तर ती यायची नाही."

"बरं. आणि तुमचं काय मग?"

खिडकीतून खालचं अंगण दिसत होतं. प्रवेशाच्या रांगेतली मुलंमुली माहितीपत्रकाने वारा घेत उभी होती.

"माझी बॅच आहे ना," मॅडम म्हणाल्या, "सोमवारपासून."