फिरत्या पात्याचा उजेड

उजेड आहे की अंधार, एवढंच आता आप्पांना कळत होतं. तेही, डॉक्टरांच्या शब्दांत, "जोवर कळतंय तोवर." डॉक्टर भला माणूस. याहून गोड बोलता आलं असतं, तर तो नक्की बोलला असता.

आप्पा जन्मभर लेथवर उभे राहिलेले. केसाच्या निम्म्या जाडीचा फरक नुसत्या नजरेने सांगायचे. त्या नजरेतून देवाने एकेक वस्तू काढून घ्यायला सुरुवात केली. आधी सुईतला दोरा नेला, मग जिन्याच्या पायऱ्या, मग लेकरांचे चेहरे. "बिऱ्हाड हलवतात तसं चाललंय," आप्पा हसून म्हणायचे, "जड सामान शेवटी उचलणार बहुतेक." तक्रार अशी त्यांनी एकदाच केली, तीही बोलता बोलता. "दिवा लावला की क्षणभर कळतं. मग डोळे त्याला सरावतात आणि सगळं पुन्हा सारखंच. हलता उजेड असता ना, तर सोबत झाली असती. कुणी येतंय-जातंय असं वाटलं असतं."

धाकट्याच्या काळजात ते वाक्य कुसळासारखं रुतलं. धाकटा म्हणायचा एवढंच, चाळिशी उलटून गेलेली. तो आणि थोरली ताई मिळून लोखंडकामाचं वर्कशॉप चालवत. ताईने कागदावर आखायचं, याने जोडायचं. फाटकं, कठडे, गोल जिने, असं पोटापाण्याचं काम. आणि नेमकं त्याच सुमारास नगरपालिकेला घरासमोरच्या चौकात एक शिल्प हवं झालं. फिरणारं, चमकणारं, दिवे लागल्यावरही दिसणारं. आप्पांच्या खिडकीतून हात लांब केला तर लागेल, इतका तो चौक जवळ. देवाने मागणं ऐकलं, असं धाकट्याला वाटलं. देव ऐकतोच. पुढे काय करतो, ते त्याचं त्याला ठाऊक.

ताईने जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याचा नमुना उभा केला. मधोमध खांब, त्याच्या माथ्यावर बेअरिंगवर बसलेला डोलारा, त्याला लांब वळणदार पाती. खाली बुडाशी एक मोठा फोकस, तोंड वर करून. सगळी पाती खरखरीत, एकच तेवढं आरशासारखं घासलेलं. डोलारा फिरला की त्या एका पात्यावरून उजेड उडणार आणि आप्पांच्या खिडकीवरून जाणार. दर फेरीला एकदा. ताईने हातात टॉर्च धरली, पुठ्ठ्याला चॉकलेटची चांदी चिकटवली आणि भिंतीवर कवडसा फिरवून दाखवला.

"नगरपालिकेच्या साहेबांनी विचारलं, एकच पातं का चकचकीत, तर?" धाकट्याने विचारलं.

"तर सांगायचं, कला आहे."

"आणि पटलं नाही तर?"

"कला म्हटल्यावर कोण विचारतंय, बाळ्या? विचारलं की आपल्याला कळत नाही हे उघडं पडतं."

साहेबांनी खरंच विचारलं नाही. मान डोलावून सही केली.

ते पातं धाकट्याने स्वतः घासलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आधी जाड कागद, मग बारीक, मग नमद्याचं चाक, मग मऊ फडकं. शेवटी त्यात स्वतःची दाढी दिसायला लागली तेव्हा ताई म्हणाली, "आता पुरे कर. नाहीतर पत्रा संपेल आणि नुसती चमक उरेल." आप्पांना वर्कशॉपात आणून बसवलं होतं. त्यांनी कान दिला आणि म्हणाले, "गिअरबॉक्समधे एक दात उंच आहे रे. दर फेरीला टुक होतंय."

"एवढंसं तर आहे, आप्पा. रस्त्यावर कुणाला ऐकू येणार?"

"मला आलं ना."

शिल्प चौकात उभं राहिलं. क्रेन निघून गेली. संध्याकाळी चाचणीला फोकस लावला, डोलारा फिरवला, आणि कवडसा गेला तो खिडकीच्या वीतभर वरून, सरळ छपरावर. पात्याचा कल जरासा चुकला होता. दुसऱ्या दिवशी उद्घाटन. धाकटा शिडी लावून वर चढला, पात्याचं बूड कापून मोकळं केलं, नीट कलवलं आणि दोन टाके मारायला वेल्डिंगचं मशीन लावलं.

वीज परत नेणारा अर्थिंगचा चिमटा ज्या तुकड्याला टाका मारायचा, त्यालाच लावायचा. हे आप्पांनी त्याला चड्डीत होता तेव्हा शिकवलेलं. पण चिमट्याला दात असतात. त्या आरशावर ओरखडा उमटला असता. एवढ्या मायेने घासलेल्या पात्याला दात लावायला त्याचा जीव धजेना. त्याने चिमटा खाली खांबाला लावला.

टाके सुरेख पडले. होल्डर खाली ठेवताना त्याच्या लक्षात आलं. वरून खांबापर्यंत वीज गेली ती कशातून? मधे बेअरिंगच होतं. त्याच्या गोळ्यांवर ठिणग्या नाचल्या असणार, ग्रीस जळलं असणार, खळगे पडले असणार. त्याने हाताने डोलारा फिरवला. लोण्यासारखा फिरला. 'काही झालं नाही,' तो स्वतःशी म्हणाला. ताईला सांगितलं नाही.

उद्घाटनाच्या संध्याकाळी चौकात टाळ्या वाजत होत्या आणि दोन्ही लेकरं मात्र वर आप्पांच्या खोलीत. आप्पा उघड्या खिडकीशी खुर्चीत. फोकस लागला. डोलारा फिरू लागला. पांढरा कवडसा भिंतीवरून सरकत आला, आप्पांच्या कपाळावरून, डोळ्यांवरून गेला.

"आली," आप्पा म्हणाले. मग जरा थांबून, "गेली."

ताईने तोंडावर पदर दाबला. पुन्हा कवडसा आला. "आली," आप्पा म्हणाले, अगदी वेळेवर. "पोरांनो, ही तिरीप तर नियमाने येणारी पाहुणी आहे. चहाही मागत नाही."

धाकट्याने हात जोडले. कुणाला जोडले ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्या रात्री तो गाढ झोपला.

दोन-तीन संध्याकाळी अशाच गेल्या. मग चौकातून येताना त्याला करकर ऐकू आली. पुढच्या दिवशी करकरीची घरघर झाली. घरी जेवताना आप्पा त्याच्याकडे तोंड करून म्हणाले, "चिमटा खाली लावला होतास का रे?"

धाकट्याने हातातला घास ताटात परत ठेवला. "हो."

"ओरखडा पडू नये म्हणून?"

"हो."

आप्पांनी मान हलवली आणि पाण्यासाठी हात चाचपला. ताईने पेला त्यांच्या हातात दिला.

सकाळी दोघं भावंडं साहेबांकडे गेली. बेअरिंग बदलायचं तर सगळा डोलारा उतरवायला हवा, पुन्हा क्रेन हवी, पुन्हा मंजुरी हवी. साहेब खिडकीतून चौकाकडे बघत म्हणाले, "राहू द्या हो. थांबलेलंही छान दिसेल. लोकांना फोटो काढायला बरं."

त्या संध्याकाळी डोलारा दोनदा कुंथला आणि अडकून बसला. बसला तोही नेमका असा, की घासलेलं पातं खिडकीसमोर. उजेडाचा लांब पट्टा खोलीत शिरला आणि हललाच नाही. आप्पांच्या सगळ्या चेहऱ्यावर तो पसरला होता. धाकट्याला त्यांच्या पापण्यांचे केससुद्धा मोजता आले असते. फोकस विझवून पुन्हा लावला, तर निदान एकदा उजेड आलेला आप्पांना कळेल. तो धावत खाली गेला, बटण बंद केलं, दहा आकडे मोजले, चालू केलं, आणि धापा टाकत वर आला.

"आप्पा, आत्ता आला ना उजेड?"

उजेड त्यांच्या उघड्या डोळ्यांत सरळ उतरत होता. डोळे मिटले नाहीत, दिपले नाहीत. आप्पांनी मान जराशी तिरकी केली, कान चौकाकडे. कशाची तरी वाट बघत राहिले. खाली सगळं गप्प होतं. टुक नव्हतं.

"आज दिवा लावला नाही का रे?" त्यांनी विचारलं.

धाकटा दारातच उभा राहिला. पहिल्या संध्याकाळचं ते "आली" त्याला पुन्हा ऐकू आलं, अगदी वेळेवर. आणि त्याच्या आधी, दर वेळी, खालून आलेलं ते टुक. ताईने डोळे गच्च मिटून घेतले होते. तिलाही कळलं होतं.

"नाही आप्पा," तो म्हणाला. "आज नाही लावला."

"बरं." आप्पांनी गुडघ्यावरची शाल सारखी केली. "मग खिडकी लावून घे. उगाच गारवा आत येतोय."

धाकट्याने खिडकी लावली. उजेड काचेतून आत येतच राहिला.