पाणी कोणाकडून कोणाकडे

हे तिसरं वर्ष होतं. गावविहिरीच्या पाण्याला वास यायला लागला, की उकंडराव पाटलांचा माणूस गुलाम रसूल रंगाऱ्याच्या दारात येऊन उभा राहायचा. "पाटील म्हनतात, रंगाचे हौद बंद ठेवा." गुलाम रसूल मान हलवायचा आणि ऐन लगीनसराईच्या तोंडावर पंधरा दिवस हौद कोरडे पडायचे. पाण्याचा वास मात्र तसाच राहायचा.

गुलाम रसूलची बायको खुर्शीदा याला पार विटली होती. नवऱ्याइतकीच लुगडी तीही रंगवायची. कोपरापर्यंत तिचे हात कायमचे लाल झाले होते. "हौद बंद, तरी वास येते. मंग वास हौदाचा कसा?" ती विचारायची. पाटलांच्या माणसाला प्रश्न कळायचा, पण उत्तर देणं त्याचं काम नव्हतं.

शेवटी तिने शेजारच्या उंद्री गावच्या मास्तरांकडून नवऱ्याच्या नावाने अर्ज लिहून घेतला आणि चिखलीला तहसिलीत पाठवला. तो काळ वऱ्हाडातल्या कागदाने नागपूरला जाऊन परत यायचा होता. सात महिने गेले. अर्जाची आशा सोडल्यावर, दिवाळीनंतर एका सकाळी, तुळशीराम ओव्हरसिअर बैलगाडीतून लोखंडी नळ्या, तारेची भेंडोळी आणि एक लाकडी पेटी घेऊन उतरले.

गावविहीर वरच्या अंगाला, रंगाऱ्याचं घर आणि त्याची स्वतःची लहान विहीर खाली नाल्याकडे. मधे गायरानाची पट्टी. खुर्शीदाने ओव्हरसिअरांना तिथे उभं केलं. "सायेब, आमचं पानी हा चढ चढून वर जाते का? तुमीच सांगा."

"जमिनीखालचा चढ कोन पाह्यला?" बाजूला उभे असलेले पाटील म्हणाले.

"तेवढं पाटलांचं बरोबर आहे," तुळशीराम म्हणाले. "वरच्या उतारावरून खालचं सांगता येत नाही. खाली कातळ उलटा उतरत असेल, तर पाणीही उलटं जाईल."

खुर्शीदाला वाटलं, हा माणूसही पाटलांचाच निघाला.

मग तुळशीरामांनी काय करायचं ते समजावून सांगितलं. गायरानात मधोमध एक नळी पाण्याला लागेपर्यंत ठोकायची. तिच्याभोवती, दोन-दोन हातांवर, चार दिशांना चार नळ्या. मधल्या नळीत नवसागर, कलईला लागतो तो क्षार, सोडायचा. साध्या पाण्यातून वीज जेमतेम जाते, नवसागराच्या पाण्यातून जोरात जाते. नवसागर पाण्याबरोबर ज्या नळीकडे सरकेल, तिथली वीज वाढेल आणि पेटीतली सुई चढेल. म्हणजे पाणी कुठून कुठे चाललंय ते कळेल.

नळ्या ठोकण्यात दोन दिवस गेले. मग नवसागराचं पोतं उघडलं, तर येताना नदी उतरताना ते भिजलेलं. निम्मा नवसागर वाहून गेला होता. गावात नवसागर एकट्या रहेमतुल्ला कलईवाल्याकडे. त्याने आपला सगळा दिला, पण तेवढ्यावरून सरकार येऊन कलई करून राह्यलं अशी बातमी फिरली आणि दुपारी पंधरा-वीस बाया पितळी भांडी घेऊन गायरानात जमल्या. त्यांना परत पाठवता पाठवता दिवस मावळला.

दुसऱ्या दिवशी नवसागर सोडला. तास-दोन तास सुई हलली नाही. तुळशीराम न्याहारीला पाटलांकडे गेले, तेवढ्यात कडूबा गुराख्याने एका नळीला म्हैस बांधली. म्हशीने नळी उपटली, तार तोडली आणि तार पायात घेऊन ती नाल्यापर्यंत गेली.

"खुटा दिसला म्हून बांधली," कडूबा म्हणाला. "गायरानात दुसरं काय रायते?"

नळी पुन्हा ठोकून एक दिवस थांबावं लागलं. दुसऱ्या खेपेला झुंबरबाई म्हातारीने मधल्या नळीला हळदकुंकू लावलं आणि वरून दोन तांबे पाणी ओतलं. सरकारने देव बसवला असं तिला वाटलं होतं. नवसागर ढवळला गेला, चारही नळ्यांची सुई थोडी थोडी चढली आणि कशाचंच काही कळेना. तुळशीराम पेटीवर डोकं टेकून बसले. "आता नवसागर एका वेळेपुरता उरला आहे," ते म्हणाले. "यानंतर मी चाललो."

गुलाम रसूल म्हणाला, "जाऊ दे खुर्शीदा. हौद बंद ठिवू."

"तुमी घरी जा," ती म्हणाली. "मले इथं बसायचं हाये."

दुसऱ्या दिवशी पहाटेची नमाज झाल्यावर ती काठी घेऊन नळ्यांपाशी बसली. कडूबाला म्हशीसकट तिने नाल्यापलीकडे धाडलं. झुंबरबाई तांब्या घेऊन आली, तेव्हा तिला शेजारी बसवून घेतलं आणि म्हणाली, "आजी, या देवाले पानी चालत नाई." झुंबरबाईला ते पटलं. तुळशीराम तासातासाला सुई बघून कागदावर आकडा टिपायचे. दुपारपर्यंत चारी आकडे सारखेच होते. ऊन कलल्यावर नाल्याकडच्या नळीची सुई जराशी सरकली. मग पुढच्या तासाला अजून. बाकीच्या तिन्ही जागच्या जागी.

तुळशीरामांनी पाटलांना बोलावून पेटी दाखवली. "पाणी वरून खाली जातं आहे. गावविहिरीकडून रंगाऱ्याच्या विहिरीकडे. यांचा रंग तुमच्या विहिरीत येऊ शकत नाही."

पाटलांनी वाकून सुई पाहिली. "मंग वास कायचा?"

"ते ही पेटी सांगत नाही. पण विहिरीच्या वरच्या अंगाला काय आहे ते बघा."

वरच्या अंगाला पाटलांचाच गोठा होता आणि त्याला लागून उकिरड्याचा मोठा खड्डा. तो खोदूनही तीनच वर्षं झाली होती.  खुर्शीदा उठली, पदर झटकला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिला मोकळं वाटलं.

तेवढ्यात तुळशीराम तिच्याकडे वळले. "बाई, गावविहिरीतलं सगळं खाली तुमच्याच विहिरीत उतरतंय. तुमचं पाणी पिऊ नका."

"मंग मी कोनाचं पिऊ?" तिने विचारलं.

ओव्हरसिअरांनी तारा गुंडाळायला घेतल्या. ते दुसऱ्या दिवशी निघून गेले. उकिरडा हलवा असं पाटलांना कोण सांगणार? पाटलांनी गोठ्याचा विषय काढणाऱ्याला अर्ज करा म्हणून सांगितलं. हौद सुरू झाले, पण पिण्याच्या पाण्यासाठी खुर्शीदा रोज अर्धा कोस चालून पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागली. तिला कोणी अडवलं नाही, कारण पाटलांची बायको मनकर्णाबाईही तिथूनच पाणी आणत होती. सरकारी माणूस सांगून गेल्यावर गावविहिरीचं पाणी पाटलांच्या घरातही कोणाला गिळवेना.

महिनाभर दोघी एकाच वाटेने घागरी घेऊन आल्या-गेल्या. एके दिवशी चढावर मनकर्णाबाई थांबली, घागर खाली ठेवली आणि कंबर धरली.

"खुर्शीदा, किती दिवस वं हे?"

"मले काऊन इचारता? उकिरडा माहा हाये का?"

मनकर्णाबाईने घागर उचलली. पण त्या आठवड्यात तिने नवऱ्याला न विचारता गडी लावले आणि खड्डा उपसून खत मळ्याच्या खालच्या टोकाला, विहिरीपासून लांब नेऊन टाकलं. पाटील दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. गोठा हलायला पुढचा उन्हाळा उजाडला आणि पाण्याचा वास जायला त्यानंतरचा एक पावसाळा लागला.

त्या पावसाळ्यानंतर कडूबा गुलाम रसूलला चावडीपाशी भेटला. "पाह्य," तो म्हणाला, "सरकारनं हौदाचा बंदोबस्त केला, तवा कुठं पानी साफ झालं." गुलाम रसूलने सवयीने मान हलवली.

घरी येऊन त्याने हे हसत सांगितलं. खुर्शीदा हौदातून लुगडं उपसत होती. तिने ते पिळलं, दोरीवर टाकलं, आणि कडूबाला शोधायला हात न धुताच बाहेर पडली.