दात काढलेला नाग

माझ्या घरी नाग होता, हे मी आता आपणहून कुणाला सांगत नाही. त्या काळी मात्र कुणी न विचारता सांगायचो. काळाचौकीच्या आमच्या चाळीत धोंडू नावाचे तिघे होते: लंगडा धोंडू, पेटीवाला धोंडू आणि नागवाला धोंडू. तिसरा मी. गिरणीच्या गोदामात कापसाच्या गाठी वाहणाऱ्या माणसाला एरवी कोण विचारतो? पण त्या गाठींमागे सापडलेला नाग मी पोत्यात घालून घरी आणला आणि दुसऱ्या दिवसापासून लोक थांबून माझ्याशी बोलायला लागले.

शिवडीच्या एका गारुड्याने त्याचे दात काढून दिले. नागाला जाड फडकं चावायला द्यायचं आणि हिसका मारायचा. जाताना तो गारुडी म्हणाला, "दात परत येतात हां. दर महिन्याला तोंड उघडून बघायचं. जमत नसेल तर पाळू नको." मी मान डोलावली. पहिल्या महिन्यात बघितलं. दुसऱ्या महिन्यात झाकण उघडलं आणि तसंच परत लावलं. तिसऱ्या महिन्यापासून जाईबाईने, म्हणजे माझ्या बायकोने विचारलं की नुसतं "बघितले" म्हणायला लागलो.

पाळणं हे किती खटाटोपाचं काम आहे हे मला तेव्हा कळलं. उंदीर पकडा, मारून द्या, पेटारा धुवा, कात टाकायला आला की आठवडाभर त्याच्या वाटेला जाऊ नका. आणि हे सगळं दहा बाय बाराच्या खोलीत. जाईबाई त्या वेताच्या पेटाऱ्यापासून हातभर अंतरावर भाकऱ्या थापायची. ती त्याला नाग म्हणत नसे, जनावर म्हणायची. "त्या जनावराक एकदा सोडून येवा," हे तिचं रोजचं. मी ऐकतोय कसला! नागपंचमीला चौकात पेटारा उघडून बसलो होतो, बायका हळदकुंकू वाहत होत्या आणि मी, "घाबरू नका, दात काढलेत," असं सांगत छाती फुगवत होतो.

छप्पन्नच्या जानेवारीत शहरात गोळीबार झाला आणि कर्फ्यू लागला. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं आमच्या चाळीतून वाटली जायची. ते काम भिवाकडे होतं. भिवा माझा दोस्त, दोन खोल्या सोडून राहायचा, गिरणीत दोन साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. तुटलेला धागा तो डोळे मिटून सांधायचा, असा त्याचा हात. पोलिस झडतीला येणार अशी कुणकुण लागली तेव्हा तो म्हणाला, "धोंड्या, तुझ्या नागाखाली ठेवूया काय रे गठ्ठा?"

पेटाऱ्याच्या तळाला पत्रकं, त्यावर गोणपाट, त्यावर नाग. हवालदार आला, मी झाकण उघडलं, नागाने फणा काढला आणि हवालदार दोन-दोन पायऱ्या गाळत खाली पळाला. सगळी चाळ पोट धरून हसली. चाळीतले वयोवृद्ध बुधाजी, जे मला कधी नावाने हाक मारत नसत, ते माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "धोंडू, शाब्बास!" मी त्या एका शब्दावर हुरळून गेलो. खोटं कशाला बोलू?

दोन दिवसांनी पिंजऱ्यातला उंदीर नीट मेला नव्हता. मी तो तसाच पेटाऱ्यात टाकला. नागाने झडप घातली, सोडलं, आणि उंदीर तडफडून तिथल्या तिथे गार झाला. मला कळायचं ते कळलं. दात परत आले होते. जाईबाई मागे उभी होती. मी झाकण लावलं आणि तिला म्हणालो, "आधीच मरत आला होता तो."

त्याच वेळी भिवाला सांगायला हवं होतं. दोन खोल्या तर जायचं होतं. पण सांगितलं असतं तर पत्रकं बुधाजींकडे गेली असती, नागही गेला असता आणि मी परत गाठी वाहणारा धोंडू झालो असतो. उद्या सांगू म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन तास कर्फ्यू उठला. मी रॉकेलच्या रांगेत होतो, जाईबाई नळावर. भिवाला तेवढ्या वेळात पत्रकं वाटायची होती. तो माझ्या खोलीत आला, पेटारा उघडला आणि उजवा हात सरळ गोणपाटाखाली घातला. त्याला भीती कशी वाटणार? दात नाहीत, हे चाळीला मीच शंभरदा सांगितलं होतं.

मी आलो तेव्हा तो माझ्या उंबऱ्यावर हात धरून बसला होता. भोवती माणसं. "ओरखडलं रे नुसतं," तो हसत म्हणाला. "दात नाहीत ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "नाहीत. काही होत नाही."

हळद लावली. बुधाजींनी चहा मागवला. मी तिथे बसून चहा प्यालो, हे सांगताना आजही मान खाली जाते. तासाभरात हात खांद्यापर्यंत सुजला, बोटं काळी पडली आणि भिवाच्या पापण्या मिटायला लागल्या. तेव्हा कुठे हातगाडीवर घालून त्याला परळच्या इस्पितळात नेलं. कर्फ्यू परत लागला होता. पुढे एकजण पांढरा पंचा हलवत पळत होता. डॉक्टर म्हणाले, तासभर आधी आणायला काय झालं होतं? मी हातगाडी बाजूला लावायला गेलो.

भिवा वाचला. अंगठा आणि दोन बोटं कापावी लागली. तीन बोटं गेलेल्या हाताने धागा सांधता येत नाही, साचे सुटले. नंतर तो गिरणीच्या दारात विड्या विकायला बसायचा. नागाला बुधाजींनी काठीने मारलं आणि मग दोष लागू नये म्हणून तूप घालून रीतसर जाळलं. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष?

एक मे एकोणीसशे साठला चौकात मांडव घातला. चळवळीत झिजलेल्या माणसांचा सत्कार होता. भिवाला हार घातला आणि पाठोपाठ बुधाजींनी माझं नाव पुकारलं: प्राण धोक्यात घालून पत्रकं सांभाळणारे धोंडू. हार भिवाच्या हस्ते. उरलेल्या दोन बोटांत हार अडकवून तो पुढे आला. त्याला माइकवर बोलायला सांगितलं.

"धोंडूने मला बजावलं होतं, हात घालू नको म्हणून," भिवा म्हणाला. "मीच ऐकलं नाही."

टाळ्या पडल्या. तो हार घालायला वाकला तेव्हा मी कसंबसं विचारलं, "मी कधी बजावलं रे?"

"नाही बजावलंस," तो हळूच म्हणाला. "उंदराचं जाईवहिनीने मला इस्पितळातच सांगितलं. तू कधी सांगतोस म्हणून थांबलो होतो. चार वर्षं झाली. म्हटलं, आता तू काय सांगत नाहीस."

मग त्याने माइक माझ्या तोंडासमोर धरला आणि बाजूला झाला. पाच-सहाशे माणसं माझ्या बोलण्याची वाट बघत होती. जाईबाई बायकांत बसली होती, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी घसा साफ केला, सर्वांचे आभार मानले आणि हार गळ्यात तसाच ठेवून खाली बसलो.