जिथले डबे तिथे

बाईंनी काज कापायची कात्री मेजावर आपटली, तरी सुनेनं मान वर केली नाही.

“सासूकडं चार दिवसांसाठी यायचं आणि त्यातली अख्खी सकाळ यंत्राच्या तोंडाकडं बघत काढायची! आम्ही नवऱ्याचं तोंड एवढं बघितलं असतं तर गल्लीनं नावं ठेवली असती.”

“झालंच, आई. साठ टक्के उतरलंय.”

“काय उतरलंय? ताप?”

सुनेला हसू आलं. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची आणि सुट्टी मिळाली की पाठीवर पिशवी टाकून डोंगर हिंडायची. उद्या परतताना वाटेत डोंगर लागणार होता. तिथं फोनला रेंज नसते, म्हणून या साऱ्या भागाची यादी ती आधीच हातातल्या यंत्रात भरून घेत होती.

“कसली यादी?”

“लपवलेल्या डब्यांची. कुणीतरी डबा लपवतं आणि जागा इंटरनेटवर टाकतं. बाकीचे तो शोधतात, आतल्या कागदावर आपलं नाव लिहितात आणि डबा परत तिथंच ठेवतात.”

“मग?”

“मग पुढचा डबा.”

“हे कामधंदा असलेली माणसं करतात?”

“डॉक्टर करतात, प्राध्यापक करतात.”

“शिकलेली होय. तरीच.” बाईंनी सुईत दोरा ओवला. पहिल्याच फटक्यात ओवला, आणि तो ओवताना मुलाचं लक्ष आहे ना, हे तिरक्या नजरेनं पाहून घेतलं.

मुलगा खिडकीत उभा होता. दोन दिवस तो या दोन खोल्या अशा बघत होता, जणू त्या आधीच रिकाम्या झाल्यात. बाहेरची खोली शिवणाची, आतली राहायची. बेचाळीस वर्षं बाई इथं भाड्यानं राहत होत्या. गल्लीत कुणाला त्यांचं खरं नाव माहीत नव्हतं. सगळे शिवणबाई म्हणत, आणि आता त्यांनाही तेच खरं वाटे. गेल्या महिन्यात इस्त्री चालू राहिली आणि गिऱ्हाइकाची पँट जळली. तेव्हापासून मुलानं ‘आमच्याकडं राहायला चल’ असा धोशा लावला होता. त्याच्या घरी खोली रंगवून तयार होती. संध्याकाळी पाचला घरमालक येणार होता: खोल्या सोडताय की ठेवताय, एवढं एकच विचारायला.

“अरे, हे बघ.” सुनेनं नवऱ्याला हाक मारली. नवऱ्याला ती ‘अरे’ म्हणायची. बाईंनी ते पहिल्याच वर्षी गिळलं होतं. “पूर्ण भागात सोळाशे डबे आहेत. सगळीकडं हिरवे ठिपके. आणि नेमके इथं, आईंच्या घराभोवती, बारा करडे. तीन वर्षांत कुणालाच सापडले नाहीत.”

मुलगा वाकून बघू लागला. लोकरीच्या कापडाला कसर लागावी तसं नकाशाच्या मधोमध भोक पडलं होतं.

बाईंना त्याच वेळी पांढरं बटण हवं होतं. त्यांनी शिवणयंत्राखालचा खण ओढला आणि आतून एक चपटा हिरवा डबा काढला. झाकण असं घट्ट की उघडताना टक् आवाज झाला.

सुनेची मान आता वर झाली.

खणात बारा डबे निघाले. एकात हुक, एकात सुया, एकात खडूचे तुकडे. बोटभर लांबीच्या एका नळीत अंगुस्तान. आणि मागच्या बाजूला, दोऱ्यानं बांधून ठेवलेली, आतल्या कागदांची भेंडोळी. बाईंना अक्षर लावून लावून वाचावं लागे, म्हणून लिहिलेला कागद त्या टाकत नसत.

सून तोंडावर हात ठेवून हसत सुटली. मुलगा हसला नाही.

“आई.” आजारी माणसाशी बोलावं तसा त्यानं आवाज खाली आणला. “रस्त्यावरच्या वस्तू तू घरात आणून ठेवतेस. तुला कळतंय का हे?”

“सकाळी फिरायला जाते. दिसलं बेवारशी, उचललं. माझ्या खणात ते डोंगरातल्या प्राध्यापकापेक्षा जास्त कामाला आले.”

“कुठून उचललंस, तेवढं तरी आठवतं?”

त्या शब्दांपेक्षा बाईंना तो आवाज झोंबला. लहानपणी याला ताप आला की त्या स्वतः याच आवाजात बोलायच्या.

त्या उठल्या. बटणं, हुक, सुया, सगळं एका ताटात ओतलं. भेंडोळी सुनेपुढं टाकली. “कुठल्यात कुठलं ते भर.” डबे पिशवीत गेले, चपला पायात आल्या.

“बाराच्या बारा जिथले तिथं ठेवते. फोन नको, नकाशा नको. तुझी बायको मागं राहून तपासेल. तिच्यावर तरी भरवसा आहे ना?”

“आणि एखादा चुकला तर?”

“तर सामान न्यायला टेंपो बोलाव.”

सून चटकन म्हणाली, “आई, असं काही बोलू नका.” पण बाई तोवर पायरी उतरल्या होत्या.

पहिला डबा बसथांब्याच्या बाकाखाली गेला, डावीकडून दुसऱ्या पट्टीवर. बाईंनी न वाकता हात घातला आणि चिकटवला. त्याला मागं लोहचुंबक होतं. सुनेच्या यंत्रावर एक बाण होता, तो थरथरला आणि त्याचा गोल झाला.

“बरोबर.”

“मला काय सांगतेस? त्याला सांग.”

दुसरा वाचनालयाच्या पावसाच्या नळामागं. तिसरा आणि चौथा पुलाच्या कठड्याला, दोन टोकांना. कुठला कुठल्या टोकाला हे सांगताना बाईंनी नुसता अंगठा फिरवला. “गंजलेला तो पलीकडचा. तिकडं पाणी उडतं.” गोल झाला. पुन्हा गोल झाला. सून दर वेळी नवऱ्याला आकडा कळवत होती.

सातव्याला भांडण झालं. बाईंनी नळी दिव्याच्या खांबामागं खोचली, आणि बाण मात्र रस्ता ओलांडून छापखान्याच्या भिंतीत शिरत होता.

“यंत्र म्हणतंय भिंतीत आहे, आई.”

“तुझ्या यंत्राला चष्मा लाव. भिंतीत कोण लपवेल, उंदीर?”

सुनेनं यादीबरोबर उतरवून घेतलेल्या शोधणाऱ्यांच्या नोंदी वाचल्या. चार वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं होतं: जागा चुकीची टाकली आहे, खांबाच्या मागं बघा.

“तुमचंच बरोबर आहे.”

“शिकलेल्यांच्या चुका बिनशिकलेल्यांनी निस्तरायच्या, ही जुनी रीत आहे,” बाई म्हणाल्या, आणि पुढच्या वळणाला त्यांची चाल तरुण बाईसारखी झाली. ओळखीचं कुणी भेटलं की थांबून सांगत, “सुनेला गाव दाखवतेय. तिच्याकडं नकाशा आहे, पण वाट माझ्याकडं आहे.” दहावा दगडी पायरीच्या फटीत, अकरावा बागेच्या फाटकाच्या पोकळ दांड्यात. दहा वेळा बाणाचा गोल झाला, सातव्याची नोंद धरून अकरा बरोबर.

पिशवीत एक डबा उरला. निळा, पत्र्याचा, काडेपेटीएवढा.

बाईंनी तो हातात घेतला. कापडाची उलटसुलट बाजू ओळखायला चाचपावं तसं अंगठ्यानं झाकण चाचपलं. शाळेच्या मैदानापर्यंत गेल्या. कुंपणापाशी थांबल्या. परत फिरल्या. पाण्याच्या टाकीला एक फेरी मारली, मग दुसरी. सुनेनं बुटाची सुटलेली नाडी बांधायला घेतली आणि खूप वेळ बांधत राहिली.

“ऊन झालं,” बाई म्हणाल्या. उन्हाचा तिथं पत्ता नव्हता.

डबा कसा उचलला ते त्यांना नीट दिसत होतं: हात ओले होते, झाकणावर गोगलगाय होती, ती त्यांनी काडीनं बाजूला केली होती. आजूबाजूचं काहीच दिसत नव्हतं. ना भिंत, ना झाड. नुसती गोगलगाय.

शेवटी त्यांनी टाकीच्या कट्ट्याखालची एक फट बघितली, डबा आत सारला आणि हात झटकले.

“झालं.”

सुनेनं यंत्र छातीजवळ, पडदा स्वतःकडं करून धरलं होतं. पण तिच्या मागं टाकीवाल्याच्या चौकीची काच होती, आणि काचेत बाईंना यंत्राचा पडदा दिसला. आकडे त्यांना लागले नाहीत. बाण लागला. तो बाणच होता, आणि त्या जिकडून आल्या होत्या तिकडं वळलेला होता.

“बरोबर,” सून म्हणाली.

बाईंनी तिच्याकडं पाहिलं. सुनेनं पाहिलं नाही. तिनं फोन कानाला लावला होता आणि घाईघाईनं सांगत होती, “हो, सगळे. बाराच्या बारा. अरे, मी स्वतः बघितलं. आता टेंपोचं नाव काढू नकोस.”

पलीकडून काहीतरी आलं. सुनेचे खांदे सैल झाले. “पटलं बघा त्याला, आई,” ती पुटपुटली. पाचला अजून तास होता. घरी जाऊन चहा टाकायचा, घरमालकाला नाही म्हणायचं, एवढंच उरलं होतं. कुणाला काही कळणार नव्हतं.

बाई कट्ट्याशी वाकल्या. फटीत दोन बोटं घातली, निळा डबा ओढून काढला, पदराला पुसला आणि पिशवीत टाकला. मग सुनेपुढं हात पसरला.

“फोन दे.”

“आई, राहू द्या ना. तो बारा मानून बसलाय.”

“म्हणूनच दे.” पण फोन हातात आल्यावर त्यांनी तो कानाला लावला नाही. पलीकडं ऐकू जाऊ नये म्हणून त्यावर तळवा घट्ट दाबून धरला आणि आधी सुनेलाच सांगितलं:

“तू पोरगी चांगली आहेस, पण मला भीक वाढू नकोस. अकरा आठवले, एक विसरले. तेवढंच सांगायचं त्याला, कमी नाही, जास्त नाही. पैज मी लावली होती, ती हरले आणि मोडतेही मीच. त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. खोल्या सोडत नाही. आणि हा डबा कुठला ते वाटेत दाखव मला, उद्या माझा मी ठेवीन.”